चवीचा नंबर

आमची शाळा महापालिकेची, कोल्हापूरच्या कडेला अलीकडे वाढलेल्या उपनगरातली. मी मंगळवार पेठेतून रोज स्कूटरनं जाते. दुसरीचा वर्ग माझ्याकडे आहे. माझं माहेर जयसिंगपूरकडचं, आम्ही बौद्ध. हे मी मिरवत नाही आणि लपवतही नाही. रुजू झाले त्या दिवशी एका सहकारी बाईंनी गाव कुठलं, गावात घर कुठल्या बाजूला, असं साखरेत घोळून विचारायला सुरुवात केली, तेव्हा पहिल्याच प्रश्नाला मी सगळं सांगून टाकलं. त्यांचे पुढचे प्रश्न वाया गेले याचा मला अजून आनंद होतो.

दुपारी मुलांना शाळेतच खिचडी मिळते. मागच्या शेडमध्ये एक मावशी ती शिजवतात. मुलांना वाढण्याआधी एका शिक्षकानं आणि एका पालकानं चव घ्यायची, असा नियम आहे. आमच्याकडे मात्र पोरांनी त्या नियमाचा सणच करून टाकला होता. ज्याची आई चवीला येईल, ते पोर त्या दिवशी नीट भांग पाडून तिच्या शेजारी उभं राहायचं. आई तळहातावर घास घ्यायची, तोंडात टाकायची, मान हलवायची, की सगळी शाळा टाळ्या वाजवायची. मगच पंगत बसायची. पेढे वाटावेत तसा त्या पोराचा चेहरा दिवसभर फुललेला असे.

आयांचे नंबर गल्लीवार लागत. शाळेच्या मागं ओढा आहे आणि ओढ्यापलीकडे आमच्या लोकांची वस्ती. नंबर एकेक गल्ली करत ओढ्यापर्यंत यायचा आणि तिथून पुन्हा पहिल्या गल्लीकडे वळायचा. हे असं करा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्या माणसाशी भांडता तरी आलं असतं.

माझ्या वर्गात वस्तीतली एक मुलगी होती. बारीक, बडबडी, पाढे म्हणताना डोळे मिटणारी. कुणाची आई चवीला येऊन गेली की ही माझ्या टेबलापाशी हजर. “बाई, माझ्या आईचा नंबर कवा?” मी म्हणायचे, येईल. असं किती दिवस म्हणणार? शेवटी मी मुख्याध्यापकांकडे गेले.

सर माणूस वाईट नाहीत. नुकतेच समतेच्या प्रशिक्षणाला जाऊन आले होते आणि आल्यावर आम्हा सगळ्यांना उभं करून शपथही दिली होती. माझं ऐकून ते खरोखर दुखावले. आपल्या शाळेत जातपात नाहीच, म्हणाले. त्या बायका कामाला जातात, त्यांना कशाला त्रास द्यायचा? मी म्हटलं, त्रास होतो का ते त्यांनाच विचारू या, विचारायला काय जातंय? सरांनी मान डोलावली.

संध्याकाळी मी मुलीच्या घरी गेले. तिची आई एमआयडीसीतल्या कारखान्यात कामाला. “येतो की बाई,” ती म्हणाली, “खाडा झाला तर झाला.” मला रस्त्यापर्यंत सोडायला आली तेव्हा मात्र आवाज खाली आणून म्हणाली, “बाकीच्यांस्नी चालंल न्हवं?” मी ठसक्यात सांगितलं, न चालायला काय झालं?

ठरलेल्या दिवशी ती इस्त्रीची साडी नेसून आली. मुलीच्या वेण्यांना नव्या रिबिनी होत्या. सगळ्यांसारखा तिनंही तळहातावर घास घेतला, पण मान हलवली नाही. “मीठ जरा कमी हाय,” म्हणाली. आजवर कुठल्या आईनं असं सांगितलं नव्हतं. मावशींनी चिमूटभर मीठ घालून पातेलं ढवळलं, तिनं पुन्हा चव घेतली आणि मग मान हलवली. टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात मुलीच्याच.

दुपारी बालवाडीतल्या लहानग्यांना न्यायला काही बायका फाटकाशी थांबतात. त्यांनी हे सगळं पाहिलं. एकीनं पंगतीकडे निघालेल्या आपल्या थोरल्या मुलाला हाक मारून जवळ बोलावलं, मग दुसरीनं, मग तिसरीनं. पोरं परत आली ती पोटावर हात ठेवूनच. बाई, पोट दुखतंय. त्या दिवशी ना एकादशी होती ना संकष्टी, त्यामुळे बिचाऱ्या पोटांनाच दुखावं लागलं. रोज त्या मुलीला चिकटून बसणारी तिची मैत्रीण हात धुऊन आली होती. ओले हात फ्रॉकला पुसत तीही दप्तराकडे गेली. जाताना पातेल्याकडे वळून बघत होती. भूक लागली होती तिला.

माझं डोकं फिरलं. फाटकाशी जाऊन मी म्हटलं, एवढ्या पोरांची पोटं एकदम दुखतायत, रिक्षा बोलावते, सगळ्यांना दवाखान्यात नेऊ. एकीनं पदर सारखा केला. सर बाहेर आले, माझ्या जवळ येऊन हळूच म्हणाले, “मॅडम, आज ऱ्हाऊ दे.” राहू दे, राहू दे करतच आमच्या कितीतरी पिढ्या गेल्या, हे त्यांना ओरडून सांगावंसं वाटलं. पण पंगतीत बसलेली पोरं माझ्याकडे बघत होती. मी तशीच मागं फिरले.

परत आले तेव्हा पंगतीत मधेमधे जागा मोकळ्या होत्या. आई भिंतीला टेकून उभी होती. तिला काय ते कळून चुकलं होतं. माझ्याही आधी कळलं असणार. मुलगी ताटलीपुढे बसून मैत्रिणीच्या रिकाम्या जागेकडे बघत होती. मग तिनं आईकडे पाहिलं.

“आई, तू मीठ घालाय लावलंस म्हणून जेवत न्हाईत व्हय गं?”

आईनं क्षणभर माझ्याकडे बघितलं. मग ती खाली लेकीजवळ बसली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला.

“व्हय बाळ. जरा जास्तच पडलं.”

“फुडल्या वेळंला काय बोलू नगंस मग.”

“न्हाय बोलत.”

मी मावशींकडून ताटली घेतली, त्या रिकाम्या जागेवर मांडी घालून बसले आणि पहिला घास घेतला. मीठ अगदी बरोबर होतं.