घराला आहेर

ज्योतीरामला कुठलाही पाईप दिसला की हात लावून बघितल्याशिवाय चैन पडत नाही. दातांच्या डॉक्टरकडे गेला तर खुर्चीत बसायच्या आधी एसीचा पाईप चाचपून येतो. मंगल कार्यालयात लोक अक्षता टाकत असतात आणि हा तिकडे भटारखान्यात धुराड्याखाली मान वर करून उभा. सावित्रीबाईंनी लग्नानंतर दहा-बारा वर्षं यावर चिडून पाहिलं, मग नाद सोडला.

त्याचं तरी काय चुकलं म्हणा. मराठवाड्यातल्या भूमहून एकोणिसाव्या वर्षी आला, दापोडीत एका खोलीत सात जणांबरोबर राहिला आणि तेव्हापासून पत्राच वाकवतोय. तळवड्यातल्या त्याच्या वर्कशॉपमध्ये कारखान्यांसाठी डक्ट बनतात, म्हणजे गरम हवा नि धूर बाहेर नेणारे पत्र्याचे बोगदे. मोठमोठे मॅनेजर नकाशे घेऊन येतात आणि ज्योतीराम त्यांना तोंडावर सांगतो, "साहेब, हे चुकलंय बघा. असं बसवलं तर माणसं गुदमरतेल." साहेब आधी भुवया चढवतात, मग नकाशा बदलतात. कुणाची म्हणून भीड त्यानं बाळगली नाही.

बाळगली ती एकाच ठिकाणी, मुलीच्या सासरी.

त्याची दिव्या चाकणजवळच्या एका गावात दिलेली. जावई रविराज कंपनीत, शिफ्टवाला. सासरे तात्याबा जुने शेतकरी, घरात शब्द त्यांचाच. त्यांनी हौसेनं नवा बंगला बांधला होता. रविवारी वास्तुशांत आणि त्याच दिवशी मुक्काम हलवायचा, असं ठरलेलं. ज्योतीराम गुरुवारी नारळांचं पोतं पोचवायला गेला, तर तात्याबांनी हाताला धरून सगळं घर दाखवायला सुरुवात केली.

गॅसचा गिझर बाथरूमबाहेर बोळात टांगला होता. हे उत्तमच. पण त्याचा धूर बाहेर नेणारा पाईप मागून काढायची सोय नव्हती. मागची भिंत भावकीच्या सामाईकातली, तिला भोक पाडायचं म्हणजे तलाठ्यापासून कोर्टापर्यंत सगळ्यांना आवतण. म्हणून पाईप हॉलमधून आडवा नेऊन पुढच्या भिंतीतून बाहेर काढलेला. आता नव्या कोऱ्या हॉलमध्ये तो चमकता पाईप कसा दिसणार? तात्याबांनी सुतार बोलावून त्याला प्लायवूडच्या खोक्यात बंद करून टाकला होता. वरून सनमायका, खालून निळ्या लाइटची पट्टी, आणि आवाज येऊ नये म्हणून आत थर्माकोल ठासलेला.

"पाईप कुठं हाय, सांगा बरं पावणं!" तात्याबा लहान मुलासारखे खूश होते. त्यांनी गिझर पेटवून गरम पाणीही दाखवलं.

"आन् सृष्टीचा पाळणा हितंच, ह्या खोक्याखाली टांगायचा," दिव्याच्या सासूबाई, कुशाबाई म्हणाल्या. "कशी ऊब ऱ्हाती बघा. थंडीत पोर गाढ झोपंल."

सृष्टी आठ महिन्यांची, दोन्ही घरांत मिळून एकच नात.

ज्योतीरामचा हात सवयीनं वर गेला. तात्याबांचा बंगला फिरवून होईपर्यंत वीसेक मिनिटं झाली होती आणि एका जागी प्लाय चांगला तापला होता. धुराच्या पाईपापासून लाकूड निदान एक वीत लांब पाहिजे. झाकायचंच तर पत्र्यानं झाकावं, खालीवर हवेला वाट ठेवावी, जोड तपासायला दार ठेवावं. सगळं ओठांवर आलं होतं. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून दिव्यानं मान हलवली: नको.

बापाचा चेहरा तिनं बरोबर वाचला होता. मुलीच्या बापानं सासरच्या घरात, तेही वास्तुशांतीच्या तोंडावर, खोट काढायची? बाप बोलून मोकळा होणार आणि पुढं वर्षानुवर्षं ऐकून घ्यायचं पोरीनं.

"झकास झालंय," ज्योतीराम म्हणाला, आणि स्वतःचाच त्याला राग आला. निघताना दिव्याच्या कानात एवढंच सांगितलं, "रविवारपर्यंत गिझर पेटवू नको. कुणालाच पेटवू देऊ नको."

त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. सावित्रीबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "फोन करा आणि सांगून टाका की."

"सोपं हाय व्हय ते?"

"मग आहेराचं तरी नक्की करा. समईच न्यायची ना?"

ज्योतीरामनं मान वर केली. "आहेर कुणी परत करतं का गं?"

"काहीतरीच! उलट लगेच अंगावर घालून दाखवावा लागतो."

समई राहिली दुकानात. शुक्रवार-शनिवार शिफ्ट सुटल्यावर ज्योतीराम वर्कशॉपमध्ये थांबला. मापं त्याच्या नजरेत होतीच. जस्ताच्या पत्र्याचं खोकं तीन तुकड्यांत वाकवलं, पाईपाच्या चारी बाजूंनी मोकळी जागा राहील असं. सावित्रीबाईंनी पत्र्यावर खडूनं रांगोळीची वेल काढून दिली आणि त्यानं पानापानावर भोकं पाडली. हवेला वाट झाली आणि बघणाऱ्याला नक्षी. मोतिया रंग मारून भट्टीत पक्का केला. कोपऱ्यात छोटं दार. असा देखणा डक्ट आपण उभ्या आयुष्यात केला नाही, असं त्याचं त्यालाच वाटलं.

रविवारी पूजा आटोपली. आहेराची वेळ झाली. पाटावर साड्या, टॉवेल-टोप्या, भिंतीवरची घड्याळं जमली होती. माहेरच्या आहेराचा पुकारा झाला आणि चार जण टेम्पोतून हळदीकुंकू लावलेले पत्र्याचे लांबलचक तुकडे घेऊन आत आले. मांडवात हशा पिकला. कुणी म्हणालं कूलर आहे, कुणी म्हणालं कोंबड्यांचं खुराडं. दिव्यानं पदरानं तोंड झाकलं, हसू लपवायला की रडू, ते कळेना.

"ह्ये काय वो, पावणं?" तात्याबांनी विचारलं.

ज्योतीराम पुढं झाला. "घराला आहेर हाय. वास्तुशांत घराची, मग घरालाच नको का? आणि आहेर लगेच अंगावर चढवायचा असतोय. त्यासाठी आधी ते लाकडी काढावं लागंल."

तात्याबांचा चेहरा लाल झाला. "भरल्या मांडवात माझं घर उसवता व्हय?"

"उसवतो," ज्योतीराम म्हणाला. "त्याच्याखाली माझी नात झोपणार हाय."

त्यानं स्वतः शिडी लावली, स्क्रू काढले आणि प्लायची फळी खाली घेतली. आत थर्माकोल वितळून पाईपाला डिंकासारखा चिकटून बसला होता. गिझर जेमतेम वीस मिनिटं चालला होता, त्यात हे. त्याहून वाईट म्हणजे खोकं सरळ बसावं म्हणून सुतारानं पाईप दाबला होता आणि एक जोड दोन बोटं निसटला होता. गिझरचा विषारी वायू बाहेर न जाता खोक्यातून थेट हॉलमध्ये, पाळण्यावर उतरला असता. त्याला ना रंग ना वास. झोपलेलं पोर जागं झालंच नसतं. ज्योतीरामनं हे सगळ्यांना समजेल अशा साध्या शब्दांत सांगितलं.

कुशाबाईंनी सृष्टीला उचलून छातीशी घट्ट धरलं. तात्याबा शिडीजवळ आले. त्यांनी टाचा उंचावून निसटलेल्या जोडावर बोट फिरवलं.

"तुमाला ह्ये गुरुवारीच कळलं हुतं?"

"जोडाचं न्हाई. पण चुकलंय एवढं कळलं होतं."

"आन् तीन दिस गप बसला?" तात्याबांचा आवाज चढला, पण त्यात आता वेगळंच काही होतं. "माझ्या मानापायी? आन् मधीच कुणी गिझर पेटवला असता म्हंजी? नातीपरीस माझा मान मोठा व्हय, पावणं?"

दोन दिवस राबून, भोकं पाडून, रंग मारून ज्योतीराम जे टाळत आला होता ते एका वाक्याचं काम होतं. समोरचा माणूस ते ऐकायला पहिल्यापासून तयार होता, फक्त त्याला कुणी सांगितलं नव्हतं. शिडीवर उभ्या उभ्या त्याचे डोळे भरून आले.

"चुकलं माझं," तो म्हणाला. मग बाहीनं डोळे पुसून म्हणाला, "आता बोलतो. शिडी हलायलीय, जरा नीट धरा."

जेवणाची पानं मांडून झाली होती, लोक हात धुऊन थांबले होते. तात्याबांनी फेटा सावरला आणि दोन्ही हातांनी शिडी धरली.