दोन ए

माझ्या बाला इंग्रजीतलं एकच अक्षर ओळखता येतं, ए. दहावीच्या माझ्या मार्कशीटवर शारीरिक शिक्षणासमोर एक ए होता आणि गुरुजींनी त्याला सांगून ठेवलं होतं, ए म्हणजे सगळ्यात वरचा. तेव्हापासून ए दिसला की बा खूश, मग तो दुकानाच्या पाटीवरचा का असेना.

आमचं गाव कुरखेड्याच्या रस्त्यापासून आत, जंगलाला लागून. आम्ही ढिवर, तलावावर जगणारे. मोबाईलला रेंज फक्त तलावाच्या पाळीवर, म्हणून बारावीचा निकाल मी तिथंच बसून उघडला. बा नुकताच मासोळ्यांची टोपली घेऊन वर आला होता आणि ओल्या हातानं माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता. फिजिक्सचे मार्क दिसले, केमिस्ट्रीचे दिसले. बायोलॉजीसमोर आकडाच नव्हता. तिथं शेजारीशेजारी दोन ए होते.

"एक नाई, दोन," बा म्हणाला आणि टोपली उचलून निघालाच.

खाली बेरजेची जागाही कोरी होती. मी वर्गातल्या मैत्रिणीला फोन लावला. ती म्हणाली, "अवं, ए ए म्हंजे अ‍ॅबसेंट. तू प्रॅक्टिकलले नोती का?" मी वळून पाहिलं तर बाची टोपली रिकामी झाली होती. सकाळची सगळी मासोळी त्यानं पाळीवरच्या लोकांत वाटून टाकली होती, आणि ते लोक मला नर्सबाई, नर्सबाई करत घराकडे चालले होते.

नर्सिंगला प्रवेश परीक्षा लागते, ती मी चांगली दिली होती. पण बारावीचे फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून ग्रुपचे मार्क भरल्याशिवाय यादीत नाव टिकत नाही. आणि बायोलॉजीत म्हणे मी गैरहजर. माझं डोकंच फिरलं. त्या प्रॅक्टिकलला लागणारं पाणगवत आमच्याच तलावातलं होतं. बानं कमरेएवढ्या पाण्यात उतरून ते उपटलं, पोत्यात भरलं आणि परीक्षेच्या सकाळी सायकलीवर कॉलेजात पोचवलं. परत जाताना तो खिडकीशी घुटमळला होता. पांढऱ्या अ‍ॅप्रनमधली मी त्याला बघायची होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही कॉलेजात गेलो. क्लार्कनं कॉम्प्युटरवरून नजर न काढता सांगितलं, "तू आलीच नोती."

"आलती ना जी," बा म्हणाला. "म्या सोता पाह्यलं तिले. खिडकीतून."

"भाऊ, तुमच्या पाह्यल्यानं मार्क पडते का?"

मला त्या माणसाचं टेबल उलटं करावंसं वाटलं. बा मात्र दर वाक्याला जी लावत तेच तेच सांगत राहिला, पोतं आणलं होतं, खिडकी उघडी होती, पोरगी पुढच्या टेबलाशी उभी होती. शेवटी बायोलॉजीचे सर आले, त्यांनी कागद काढले, आणि त्यांचा चेहरा उतरला. माझ्यानंतरच्या नंबरच्या मुलीचं परीक्षेआधीच लग्न झालं होतं. गैरहजर ती होती. मार्क चढवताना एक ओळ घसरली. तिचे दोन ए मला आले आणि माझे मार्क तिला गेले. ती बिचारी सासरी भात रोवत असेल, तिला काय करायचे होते ते?

सरांनी माफी मागितली, बोर्डाला पत्र लिहिलं, एक प्रत आमच्या हातात दिली. ती घेऊन आम्ही एसटीनं नर्सिंग कॉलेज गाठलं. खिडकीतल्या मॅडमनी पत्र नीट वाचलं. मग स्क्रीन माझ्याकडे वळवून म्हणाल्या, "बेटा, हा रकाना फक्त आकडा घेते. पत्र नाई घेत." मी म्हटलं, शून्य टाका, पण नाव राहू द्या. त्या म्हणाल्या, शून्य टाकलं तर ग्रुपच पडते. मी त्यांच्यासमोर रडले. लाज वाटली नाही, काहीच वाटलं नाही. बाकडं पकडून उभी राहिले एवढंच आठवतं. मला शांत करायला त्या बाला म्हणाल्या, "दुरुस्त मार्कशीट आली का या, पाहू."

पाहू म्हणजे काय ते मला कळलं. बाला कळलं नाही.

त्यानंतर मी रोज पाळीवर जाऊन यादी बघायची. एक दिवस माझं नाव नव्हतं. मग जागा भरल्या, यादी बंद झाली. मी मायला सांगितलं, ती मागच्या अंगणात जाऊन बसली. बाला सांगायला दोघींचीही जीभ उचलेना.

मार्कशीट आली तेव्हा धान निसवून लोंब्या आल्या होत्या. बानं हात धुतले, पुसले, कागद उन्हात धरला आणि बायोलॉजीच्या ओळीवर बोट ठेवलं.

"दोन ए गेले का?"

"गेले, बा."

"आता आकडा हाये?"

"हाये. चांगला हाये."

बानं कागद माझ्या हातात दिला. खुंटीवरचा धुतलेला सदरा काढला, झटकला, आणि विचारलं, "मंग सकाळच्या एसटीनं जाचं का दुपारच्या?"