हनुवटीपर्यंतचं पाणी

गिरणीवाल्याला सारं गाव पिठोबा म्हणायचं. भुवया पांढऱ्या, मिशा पांढऱ्या, कानांतले केससुद्धा पांढरे. त्यात वयाचं किती आणि गव्हाचं किती, हे आंघोळीनंतरच कळायचं.

पिठोबाला नदीचा फार अभिमान. तिचं नाव निघालं की तो दळण थांबवून बोलायचा, आणि बायका डबे घेऊन ताटकळायच्या. नदी गावाला वळसा घालून जाते. वळणाच्या आतल्या काठावर हे गाव, म्हणून पूर ओसरला की घराघरात गाळ उरतो. तो उपसणार कोण? लोक त्यालाच चोपून वर नवी जमीन करतात. पिढ्यान्पिढ्या गाव असं वर येत गेलं आणि दारं जिथल्या तिथे राहिली. त्यामुळे इथे जो तो घरात वाकून शिरतो. नवख्या पाहुण्याला वाटतं, काय नम्र माणसं! नम्र कसली, कपाळमोक्ष टाळतात बिचारी.

पलीकडचा काठ मात्र नदी खाते. पिठोबाची बायको तिकडची. तिचं माहेर दोनदा मागे सरकलंय, पण ऐट तसूभर सरकलेली नाही.

नदीनंतर पिठोबाचा अभिमान म्हणजे आजोबा. मोठा पूर आला तेव्हा गावाचं बियाणं याच गिरणीत होतं. लोक टेकडीवर पळाले. आजोबा पोतं उचलेपर्यंत दार पाण्याने अडवलं. मग पोतं डोक्यावर घेऊन ते भिंतीशी उभे राहिले. पाणी हनुवटीला लागलं, तरी दिवस मावळेपर्यंत हलले नाहीत. पूर उतरल्यावर त्याच जागी उभं राहून त्यांनी जात्याच्या दगडाला खाचा पाडायच्या छिन्नीने हनुवटीएवढ्या उंचीवर भिंतीत रेघ कोरली. त्या वर्षी गावाची पेरणी त्याच पोत्यावर झाली. गाव लहान, दाणा बारीक, पण पुरलं.

यंदा दोन्ही काठांचा मेळावा गिरणीच्या अंगणात भरायचा होता आणि ही गोष्ट पिठोबानेच सांगायची होती. आदल्या दिवशी मेहुणा नाव हाकत आला. पलीकडचा नावाडी तो. अंगाने बुटका, जीभ मात्र वल्ह्याएवढी. रेघेपाशी जाऊन त्याने कमरेवर हात ठेवले. रेघही तिथेच होती, कमरेशी.

"भाऊजी, आजोबा उभे होते म्हणता?"

"मग काय!"

"बसले असतील हो. मस्त मांडी घालून. नीट आठवून बघा."

दळायला आलेल्या बायका खो खो हसल्या. तिन्हीसांजेपर्यंत ते हसू गावभर फिरून आलं. पिठोबा ताटावरून उठला. कमरेएवढ्या पाण्यात कुणीही उभं राहील. रेघ खोटी ठरली की पोतं खोटं, आणि आजोबा थापाडे!

सकाळी उठून तो छिन्नी घेऊन भिंतीशी गेला आणि स्वतःच्या हनुवटीपाशी खूण करू लागला.

"काय चाललंय?" मागून बायकोचा आवाज.

"रेघ जरा वर घेतो."

"म्हणजे पूरही तुमच्या सोयीने चढणार? ठेवा ती छिन्नी खाली."

"तू त्याचीच बहीण!"

"म्हणूनच सांगते. खोटी रेघ तो नावेतून ओळखेल, आणि खऱ्याचंही मातेरं होईल. ही जमीन कुणी केली?"

"आपण. मागच्या पुरानंतर."

"आणि त्याआधीची?"

"बाबांनी..." पिठोबाने पायाखाली बघितलं. उठता-बसता गावाला गाळाचं माहात्म्य सांगणारा हा गृहस्थ स्वतःच्या पायाखालचा गाळ विसरला होता.

"रेघ खाली नाही गेली," ती पदर खोचत म्हणाली. "तुम्ही वर आलात. आणा पहार."

दोघांनी भिंतीलगत खणलं. सिमेंट फुटलं, खाली गाळ लागला. मग बाबांच्या विटा, पुन्हा गाळ. शेवटी पहार खणकन वाजली. आजोबांची दगडी फरशी होती ती, पायांनी झिजून गुळगुळीत झालेली. पिठोबा खड्ड्यात उतरला आणि ताठ उभा राहिला. रेघ बरोबर हनुवटीला टेकली. तो बराच वेळ वर आलाच नाही.

मेळाव्यात त्याने भाषण केलं नाही. मेहुण्याला गिरणीत खड्ड्याशी नेऊन एवढंच म्हणाला, "उतर."

मेहुणा उतरला. रेघ त्याच्या नाकाच्याही वर गेली. दाराशी जमलेल्या माणसांत हशा उसळला.

"मला पोहता येतं!" खड्ड्यातून आवाज आला.

"पोतं घेऊन?" बहिणीने विचारलं.

मेहुण्याने पोतं धरल्यासारखे दोन्ही हात डोक्यावर नेले. थोडा वेळ धरले, मग खाली आणले.

"अवघड आहे हो, भाऊजी," तो हळूच म्हणाला.

मग दोन्ही काठांच्या माणसांनी तिथे उतरायला रांग लावली.

खड्डा अजून उघडाच आहे. पीठ सांडतं म्हणून बायको रोज कुरकुरते, पण झाकण काही घालू देत नाही. कुणी म्हणतं, पुढच्या पुरात हा गाळाने भरणार. पिठोबा मिशा झटकतो आणि समोरच्याला पांढरा करत म्हणतो, "भरू दे की! कुठं खणायचं ते आता ठाऊक आहे."