डब्ब्याच्या खिडक्या

शेजारच्या घरी आज नव्या सरकत्या खिडक्या बसवणं चाललं आहे. सकाळपासून ड्रिलची घरघर ऐकू येत होती, तिचं काही वाटलं नाही. पण दुपारी वारा फिरला आणि सिलिकॉनचा तो आंबूस, नाकात चढणारा वास माझ्या ओसरीपर्यंत आला. व्हिनेगरची बाटली कुणी उघडी टाकावी तसा. मी तांदूळ निवडत बसले होते. ताट बाजूला सारलं, उठले आणि दार लावून घेतलं. तुमच्याही वाट्याला असा एखादा वास असेल. इतरांना तो नुसता वास असतो. आपल्याला मात्र हातातलं काम टाकून उठावं लागतं. गेल्याच्या गेल्या वर्षीचा अख्खा उन्हाळा माझ्या बोटांना हाच वास होता. भात कालवताना यायचा, वेणी घालताना यायचा. तेव्हा मला तो आवडायचासुद्धा.

त्या उन्हाळ्यात आमच्या सौंदडच्या घराच्या अंगणात एक डब्बा उभा होता. चाकांवरची खोलीच ती, जीपच्या नाहीतर ट्रॅक्टरच्या मागे जोडून ओढत न्यायची. बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा, आतून सागाचा सांगाडा, चार खिडक्या आणि एक अरुंद दार. माझे यजमान पाटबंधारे खात्यात होते. नोकरीच्या सुरुवातीला कालव्याच्या मोजणीसाठी ते महिनोन्‌महिने याच डब्ब्यात राहत. लग्नानंतर मीही एकदा आठवडाभर तिथे राहून आले होते. स्टोव्हवरचा भात, खिडकीबाहेर धानाच्या बांध्या आणि दाराच्या पायरीवर नकाशे पसरून बसलेला एक सडसडीत तरुण, एवढाच तेव्हाचा माझा संसार. पुढे बदल्या झाल्या, घर झालं, मुलगी झाली, माझी शाळा, त्यांची साइट, आणि डब्बा विस्मरणात गेला. निवृत्तीनंतर कितीतरी वर्षांनी खात्याच्या भंगाराच्या आवारात, कमरेएवढ्या गवतात तो त्यांना दिसला. लिलावात घेतला आणि ट्रॅक्टरमागे बांधून घरी आणला. त्या दिवशी त्यांचा चेहरा मी वर्षानुवर्षांत पाहिला नव्हता इतका उजळलेला होता.

"आता निघायचं," ते म्हणाले. "आधी रामटेक, मग अमरकंटक, आणि मग सरळ पुरी. तुला समुद्र दाखवतो."

मी साठी ओलांडली होती आणि समुद्र पाहिला नव्हता. शाळेत दरवर्षी पोरांना भरती-ओहोटी शिकवायची, फळ्यावर लाटा काढायची, आणि मनात यायचं की आपण न पाहिलेलंच शिकवतोय. ते त्यांच्या ध्यानात होतं, याचंच मला अप्रूप वाटलं.

डब्बा तसा धड होता. चाकं नवी घातली, तळ वेल्डिंग करून घेतला, पत्रा घासूनपुसून काढला. खिडक्यांनी मात्र जीव काढला. चारही गळत होत्या. पाणी एका कोपऱ्यातून शिरायचं, आतल्या लाकडातून चोरवाटेनं सरकत जायचं आणि भलत्याच ठिकाणी टिपकायचं. कुठे गळतंय हे दिसायचं. कुठून येतंय ते कळायचं नाही. मग आम्ही एक पद्धत काढली. ते बाहेरून रबरी पाइपनं काचेवर पाणी सोडायचे, मी आत टॉर्च घेऊन चौकटीला गाल लावून बसायची.

"येऊन राहिलं का?" बाहेरून हाक.

"नाही अजून."

"आता?"

"आलं, आलं! खालच्या कोपऱ्यात नाही, मधूनच येऊन राहिलं!"

मग दोघं पुन्हा डोकं खाजवत उभे. जुनं रबर वाळून कुडकुडीत झालं होतं, ओढलं की तुकडे पडायचे. गंजलेले स्क्रू आधी तेल पाजून मग हळूहळू फिरवायचे. चौकट बाहेर काढली की खाली कधीकाळची लांबी, फटी बुजवायचं ते पुटीन, दगडासारखी घट्ट बसलेली. ती मी पातळ पट्टीनं खरवडायची. मला त्या कामात अपार धीर होता. सगळं आयुष्य वह्या तपासण्यात गेलेलं. एकेक ओळ, एकेक चूक. यांना मात्र लवकर कंटाळा यायचा, ते चहा मांडायला उठायचे. कुजलेली पट्टी बदलायची, लाकूड उन्हात कोरडं होऊ द्यायचं, थिनरनं कडा पुसायच्या, काळी चिकट पट्टी दाबून बसवायची, वर चौकट, आणि शेवटी सिलिकॉनची बारीक, अखंड रेघ. रेघ ओढताना श्वास धरावा लागतो. हात थांबला की तिथे गाठ पडते. दुसऱ्या खिडकीपासून रेघ ओढायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझ्या रेघेत गाठ नसायची.

आम्ही त्या दिवसांत जितके बोललो तितके मधल्या तीस वर्षांत बोललो नसू. कुठे मुक्काम करायचा, कुठल्या घाटात डब्बा चढेल का, पुरीला हिवाळ्यात जायचं की उन्हाळ्यात. मी खिडक्यांना पडदे शिवले, हळदी रंगाचे, बारीक हिरव्या पानांचे. एके दिवशी आतलं लाकूडकाम करायला आलेला सुतार मला म्हणाला, "बाई, सायबानं एकच खाट सांगतली. दुसरी नाई कराची का?" मी यांना विचारलं. "दुसरी मागून करू," ते म्हणाले, "आधी ही बसते का पाहू दे." मी पुढे काही विचारलं नाही. विचारावं असं काही मला त्यात दिसलंच नव्हतं.

चौथी खिडकी, खाटेच्या उशाशी असलेली, शेवटपर्यंत ऐकेना. तीनदा काढली, तीनदा बसवली, तरी पाणी आत. एक दिवस हे गोंदियाला गेले असताना मी एकटीच ती चौकट मांडीवर घेऊन बसले. उलटीसुलटी करून पाहिली. खालच्या पन्हळीत पाणी बाहेर जाण्यासाठी बारीक भोकं होती, ती कुणीतरी पूर्वी लांबी भरून बुजवून टाकली होती. पाणी साचायचं आणि आतल्या बाजूनं ओसंडायचं. मी दाभणानं ती भोकं मोकळी केली, चौकट बसवली, रेघ ओढली. संध्याकाळी ते आले तेव्हा मी आत बसून ओरडले, "सोडा पाणी!" त्यांनी पाइप धरला, बादल्या ओतल्या. थेंब आला नाही. ते दारात उभे राहून माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, कौतुकानं.

पावसाळा आला, झोडपून गेला. डब्बा आतून कोरडा खडखडीत. मी शेजारणींना हात धरून आत नेऊन दाखवायची. आता कोजागिरी झाली की निघायचं, असं मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं होतं. पिशवीत भरायच्या गोष्टीही वेगळ्या काढल्या होत्या.

कोजागिरी झाली. दोन दिवसांनी, दुपारच्या वेळी, डब्बा आणणारा ट्रॅक्टरवाला अंगणात आला. हे आत झोपले होते.

"बाई, सायेब उठले का? परवा सकारी निंगाचं हाये ना, सालेकश्याले. रस्ता पाऊन आलो म्या."

"सालेकश्याला कशाला?" मी म्हटलं. "तिकडे काय आहे?"

"त्याईच्या दोस्ताची जागा हाये ना तेथी, जंगलाच्या काठानं. डब्बा तेथीच ठेवाचा म्हणे." त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमाले नाई सांगतलं का जी? तुमी नाई चाल्ल्या का संग?"

मी त्याला पाणी दिलं. तो प्यायला, गडबडला आणि निघून गेला. मी तिथेच ओसरीवर बसून राहिले. हे उठून आले, तोंडावर पाणी मारलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांना कळलं.

"सांगणारच होतो," ते म्हणाले.

"केव्हा?"

ते समोरच्या खुर्चीवर बसले. मग हळूहळू, तोडून तोडून सांगू लागले. त्यांना एकटं राहायचं होतं. भांडण नाही, दुसरं कुणी नाही, माझं काही चुकलं नाही. फक्त एकटं. तिथे झाडं आहेत, जवळ नाला आहे, मित्र भला आहे. फोन करत जातील. पेन्शन माझ्याच हाती राहील. हे सगळं ते जणू साइटवरची अडचण समजावून सांगताहेत अशा आवाजात बोलत होते.

"म्हणजे समुद्र वगैरे सगळं खोटंच?"

"नाही," ते घाईनं म्हणाले. "सुरुवातीला खरंच दोघांसाठी होतं. तुझी शपथ."

"मग केव्हा बदललं?"

"दुसरी खिडकी बसवली ना, तेव्हा असंल. तू बाहेर कोणाशी तरी बोलून राहिली होतीस. मी आत बसलो होतो, दार लावून. एकदम काही ऐकू येईना. इतकं शांत... मला लई बरं वाटलं."

दुसरी खिडकी. म्हणजे तिसरी आणि चौथी त्यानंतरची. म्हणजे पडदे त्यानंतरचे. अमरकंटकचा घाट, पुरीचा हिवाळा, सगळं त्यानंतरचं.

"मग माझ्याकडून पुढच्या खिडक्या काऊन करून घेतल्या?" मी विचारलं. माझ्या आवाजात एरवी वर्गातही येत नसे ती धार होती.

त्यांनी मान वर केली आणि अगदी सरळपणे, मला दुखवायचा हेतू कणभरही नसताना, म्हणाले, "तुझ्याइतकं नीट कोणी केलं नसतं."

त्या संध्याकाळी मी नागपूरला मुलीला फोन लावला. मी रडले नव्हते. तिला सांगताना रडेन, असं वाटत होतं. पण मी सुरुवात करताच ती म्हणाली, "शेवटी सांगितलं का बाबांनी? आई, मी त्यांना उन्हाळ्यापासून म्हणत होते, तिला सांगून टाका म्हणून." मी विचारलं, "तुला माहीत होतं?" ती म्हणाली, "मला वाटलं ते बोलतील. मी मधे कशी पडणार?" उन्हाळ्यात ती येऊन गेली होती. चौथ्या खिडकीखाली माझ्या शेजारी बसून तिनं टॉर्च धरला होता आणि पुरीला कुठली साडी नेऊ म्हणून मी विचारलं तेव्हा सुती ने, असं सांगितलं होतं. मी फोन ठेवला. रडू आलंच नाही.

ट्रॅक्टर आला त्या सकाळी मी एकच गोष्ट केली. डब्ब्यात चढले आणि पडदे काढून आणले. ते बाहेर दोर बांधत होते, त्यांनी पाहिलं आणि पुन्हा गाठ आवळायला लागले. मी पोह्यांचा डबा दिला. तो त्यांनी घेतला. डब्बा फाटकातून वळताना एका बाजूला कलला, सावरला आणि स्टेशनच्या रस्त्याला लागला. खिडक्यांवर ऊन चमकत होतं. माझ्या रेघा इतक्या लांबूनही सरळ दिसत होत्या.

गेल्या वर्षी श्रावणात मी तिकडे गेले. न कळवता. गोंदियाला गाडी बदलली, सालेकश्याला उतरले, ऑटो केला. पावसानं जंगल नुसतं ठिबकत होतं. साजाच्या झाडांखाली डब्बा उभा होता, चाकांना विटांची टेकण लावलेली, म्हणजे आता तो कुठेच जाणार नव्हता. हे पायरीवर रेडिओ दुरुस्त करत बसले होते. तब्येत सुधारलेली. मला पाहून दचकले, मग मनापासून हसले, "ये, ये, भिजशील." खिडक्यांवर जुने टॉवेल अडकवले होते. त्यांनी चहा केला, साखर मला लागते तेवढीच घातली. बाहेर पाऊस पत्र्यावर आदळत होता आणि आत आवाज फारसा येत नव्हता. मी उगाच बोलत बोलत एकेका चौकटीच्या कडेवरून बोट फिरवलं. कुठेतरी ओल लागेल, एखादा काळा डाग, एखादं फुगलेलं लाकूड. मनातून मला ते हवं होतं.

"एक थेंब येत नाही," ते अभिमानानं म्हणाले. "हा दुसरा पावसाळा."

मी कप खाली ठेवला आणि उठले. "पाऊस ओसरू दे ना," ते म्हणाले. मी म्हटलं, गाडीची वेळ झाली. खरं तर नव्हती झाली. ते छत्री घेऊन ऑटोपर्यंत आले. छत्री सगळी माझ्यावर धरली होती, त्यांचा एक खांदा पुरता भिजला. तेही मला सोसवेना.

आता दर रविवारी फोन येतो. तब्येत, धान, पाऊस. सौंदडात कुणी विचारलं, "सायेब काऊन दिसत नाई जी?" तर मी सांगते, हवापालटासाठी गेलेत. मुलगी येते, वागणं पूर्वीसारखंच आहे. मीच तिच्याशी बोलताना वाक्य अर्ध्यावर सोडते. घर चालतं. एकटेपणाची मला भीती होती, तिचं फार काही झालं नाही. पुढचे दिवस निभावून नेता येतात, हे मला कळलं. त्रास मागच्या दिवसांचा आहे. जवळच्या माणसानं फसवलं की गेलेलं आयुष्यही जागेवर राहत नाही. कामातून उसंत मिळाली की मी एखादा जुना दिवस काढून बसते. अमुक साली तापात ते रात्रभर उशाशी होते तो, माझ्या बदलीसाठी ते साहेबांशी भांडले तो. त्याला उलटून पालटून पाहते, तू तरी खरा होतास ना, म्हणून विचारते. काही दिवस लगेच हो म्हणतात. काही गप्प बसतात, आणि मी त्यांना परत ठेवून देते. फक्त त्या उन्हाळ्याचे दिवस, आत मी आणि बाहेर ते, मधल्या काचेवरून पाणी ओघळतंय आणि दोघंही ओरडून बोलतोय, ते मी अजून काढलेले नाहीत. माझ्या सगळ्या संसारात तितके सुखाचे दिवस दुसरे नव्हते.