डाव्या हाताचा सत्कार

अंजनगाव सुर्जीचा कार्यक्रम संपल्यावर एक काकू स्टेजजवळ आल्या आणि मला अगदी मायेनं म्हणाल्या, "बाई, तुमचा उजवा हात दुखते का? सारा प्रोग्रॅम नुसता डावाच चालवून राहिल्या."

"नाही दुखत," मी म्हटलं.

"मंग काहून?"

काय सांगणार? अख्खी संध्याकाळ प्रत्येक गाणं खालून धरून ठेवलं होतं मी, आणि या बाईला माझी तब्येत विचारावीशी वाटली. बरं, त्यांच्यावर चिडायचं तरी कसं! जाताना त्यांनी मला कसलंसं तेलही सुचवलं.

मी अमरावतीच्या एका ऑर्केस्ट्रात बेस वाजवते. बेस म्हणजे गाण्याच्या तळाशी चालणारा घुमता आवाज. आमच्याकडे बेस गिटार वाजवणारा कधी टिकलाच नाही, म्हणून ते काम कीबोर्डवर होतं. मोठ्या कीबोर्डवर ऑर्केस्ट्राचे मालक बसतात, त्यांना आम्ही सगळे भाऊ म्हणतो. बासरी, व्हायोलिन, सतार, सगळं दिसणारं-ऐकू येणारं त्यांच्याकडे. कोपऱ्यातल्या छोट्या कीबोर्डवर मी, आणि माझ्याकडे खालचे सूर. बेस काढून घेतला की गाणं फोडणी न दिलेल्या वरणासारखं लागतं. पण फोडणी असते तेव्हा तिचं नाव कोण काढतं?

माझा डावा हात कोणाला कळत नाही, याला आमच्या भागात आणखी एक कारण आहे आणि ते मला चांगलंच ठाऊक आहे. माझे वडील राजापेठेत भिक्षुकी करायचे आणि कीर्तनाला पेटीची साथ करायचे. वऱ्हाडात पट्ट्यांचं वाद्य म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे पेटीच येते. भजनातली, काकड आरतीतली, शाळेच्या प्रार्थनेतली. आणि पेटीवर सूर वाजवायचे उजव्या हातानं. डाव्यानं मागचा भाता हलवून हवा भरायची. त्यामुळे डावा हात वाजवत असेल ही गोष्टच लोकांच्या डोक्यात शिरत नाही. एका भजनी मंडळाच्या बुवांनी तर मला सरळ विचारलं होतं, "हे तं लाइटवर चालते ना? मंग हवा कशाले भरता?"

लोक हसले. मीही हसले. घरी येऊन मात्र कुकरचं झाकण इतकं जोरात आपटलं, की वडील देवघरातून बाहेर आले.

मी जन्माची डावखुरी. भिक्षुकाच्या घरात डावखुरी मुलगी म्हणजे रोजची कटकट. तीर्थाला हात पुढे केला की वडील एकच शब्द बोलायचे, "उजवा!" प्रसादाला उजवा, जेवायला उजवा, पाटीवर लिहायलाही उजवा. माझ्या डाव्या हाताला त्या घरात एकच मानाचं काम मिळालं, पेटीचा भाता. तेही हवा भरायचं. पुढे मी कीबोर्ड घेतला, तर त्याला भाताच नव्हता. डावा हात मोकळा झाला आणि आपणहून खालच्या पट्ट्यांकडे गेला. उजव्या हातानं मी वर्षानुवर्षं शिकून जे वाजवत होते, त्याच्या खाली डाव्यानं न शिकवता चालायला सुरुवात केली. पलीकडच्या खोलीतून वडिलांनी विचारलं, "कोण घुमतंय गं?" मला त्या वेळी झालेला आनंद अजून आठवतो.

मध्यंतरी माझ्याकडे कीबोर्ड शिकायला येणाऱ्या, बँकेत नोकरी करणाऱ्या एका बाईंनी मला मोबाइलवर काही वाचायला दिलं. कीबोर्डवर बेस वाजवणारे जगातले नामवंत वादक! काही नावाजलेल्या बँडमध्ये म्हणे बेस गिटार नव्हतीच. ऑर्गन वाजवणाराच डाव्या हातानं बेस चालवायचा आणि उजव्यानं बाकी सगळं. कोणी फक्त बेससाठी वेगळा छोटा कीबोर्ड ठेवायचा, कोणी पायानं पट्ट्या दाबायचा. लोकांनी त्यांच्या डाव्या हातांवर लेख लिहिलेत, मुलाखती घेतल्यात. वाचून मला अभिमान वाटला आणि लगेच डोकंही फिरलं. त्यांना कोणी तेल सुचवलं असेल का? आमच्याकडे गावोगावच्या ऑर्केस्ट्रात हेच काम करणारे किती जण कोपऱ्यात बसलेत. निवेदक सगळ्यांची नावं घेतो. ढोलकवर अमुक, ऑक्टोपॅडवर तमुक. आणि शेवटी म्हणतो, "साथीला आपल्या ताई." कशाच्या साथीला, ते नाही सांगत.

तरी मी तक्रार केली नव्हती. वाजवायला मिळत होतं ना, मग बाकीचं गेलं उडत. अकोल्याच्या कार्यक्रमाआधी मात्र तेही गेलं.

राजापेठेतल्या आमच्या तालमीच्या खोलीत भाऊंनी लॅपटॉप उघडला आणि एक गाणं लावलं. त्यात बेस आधीच भरलेला होता. स्वच्छ, जाड, एकसारखा.

"ताई, आता बेस याच्यातून येईन," भाऊ म्हणाले. "तुमाले तरास नाही."

"मग मी काय करू?"

"तुमी बसा ना नेहमीसारख्या. पोस्टरवर लाइव्ह ऑर्केस्ट्रा लिवलं आहे, स्टेज भरलेला दिसला पायजे. फक्त आवाजाची वायर नका लावू."

"आणि हात?"

"हात हालवा थोडासा. कोणाले समजते?"

हे ते अगदी सहज म्हणाले. बाकीचे वादक वाद्यं पुसत राहिले. उद्या त्यांचाही आवाज त्या लॅपटॉपात जाणार होता, पण आज माझा गेला होता, त्यांचा नाही. मी भाऊंना म्हटलं, "ही लबाडी आहे." ते म्हणाले, "लबाडी कायची? ॲडजस्टमेंट आहे."

मी अकोल्याला गेले. लोक म्हणतील, इतका राग होता तर कशाला गेलीस? गेले नसते तर माझी जागा रिकामी राहिली असती, आणि ती रिकामी आहे हे कोणाच्याही लक्षात आलं नसतं. मला त्याचीच भीती वाटत होती. खुर्ची तरी हातची जाऊ नये म्हणून मी गेले.

सभागृह भरलेलं होतं. माझ्या कीबोर्डचे दिवे लागले होते, कारण लाइट जोडलेली होती. आवाजाची वायर मात्र माझ्या मांडीवर पदराखाली गुंडाळून पडलेली. पहिलं गाणं सुरू झालं आणि माझा हात आपोआप चालू लागला. बरोबर जागी पडत होता, बरोबर जागी थांबत होता, आणि त्याचं काहीच ऐकू येत नव्हतं. आमच्या गायिका एका ओळीवर नेहमी रेंगाळतात, टाळी घेतात. मी तिथं त्यांच्यासाठी थांबत असे. लॅपटॉप थांबला नाही. त्या बिचाऱ्या अर्धी ओळ गिळून पुढे धावल्या. प्रेक्षकांना त्याचं काहीच वाटलं नाही.

शेवटच्या गाण्याआधी सत्कार होते. प्रमुख पाहुणे निवृत्त प्राध्यापक, गाण्याचे शौकीन म्हणून गावात ओळखले जाणारे. त्यांनी माइक घेतला. "मी आज संपूर्ण वेळ फक्त या कोपऱ्यातल्या ताईंचा डावा हात ऐकत होतो," ते म्हणाले. "काय तो बेस! असा डावा हात मी विदर्भात ऐकला नाही."

टाळ्या पडल्या. भाऊ माझ्याकडे बघून हसून मान डोलावत होते. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या डाव्या हाताचं कोणी कौतुक केलं होतं, तेही तो मुका असताना. इतकी वर्षं तो बोलत होता तेव्हा हे शौकीन कुठं होते?

पाहुणे शाल-श्रीफळ घेऊन माझ्या जागेपर्यंत आले. शाल घातली आणि नारळ पुढे केला. मी डावा हात पुढे केला.

ते थांबले. नारळ तसाच हवेत. पहिल्या रांगेत कुजबुज झाली. भाऊ मागून दबक्या आवाजात म्हणाले, "उजवा, ताई, उजवा!" अगदी वडिलांसारखे.

"कौतुक डाव्याचं केलं ना तुम्ही?" मी पाहुण्यांना म्हटलं. "मग नारळ त्यालाच द्या."

"अहो, श्रीफळ आहे ते," ते हळूच म्हणाले. "असं डाव्या हातात कसं देणार?"

मी हात मागे घेतला नाही आणि त्यांनी नारळ दिला नाही. आत्ता ज्या हाताला टाळ्या मिळाल्या, त्याला नारळ द्यायची मात्र कोणाची तयारी नव्हती. शेवटी प्रसंग निभावून न्यावा म्हणून पाहुण्यांनी तो नारळ माझ्या कीबोर्डवर ठेवला, थेट खालच्या पट्ट्यांवर. नारळाच्या वजनानं त्या खचकन दबल्या.

सभागृहात माइक चालू होते, स्पीकर चालू होते, कीबोर्डचे दिवे लुकलुकत होते. आवाज आला नाही.

पाहुण्यांनी नारळाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. पहिल्या रांगेतले एक आजोबा खुर्चीतून पुढे वाकले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पट्ट्या तं दबल्या. आवाज काहून नाही आला वो?"

इतक्या वर्षांत माझ्या हाताबद्दल मला विचारलेला तो पहिला बरोबर प्रश्न होता. मी पदराखालून वायर काढली आणि डाव्या हातात उंच धरून त्यांना दाखवली.