स्वयंपाकघरातली बारीक धार

दादरच्या एका स्वयंपाकघरात उलगडलेलं ते प्रकरण मी अजून विसरलेलो नाही. माझ्या नोकरीतला तो काही मोठा गुन्हा नव्हता. तरी निवृत्तीनंतर कोणी "साहेब, एखादी केस सांगा" म्हटलं, की आधी तीच ओठांवर येते.

पोलीस ठाण्यातली सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती. पन्नाशीचे एक गृहस्थ तक्रार घेऊन आले. खासगी कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते. त्यांच्या आईच्या कपाटातल्या सोन्याच्या पाटल्या आणि मोहनमाळ नाहीशी झाली होती. नात्यातल्या लग्नासाठी दागिने काढायला गेले, तेव्हा लक्षात आलं. कुलूप शाबूत, किल्ली जागेवर.

"कोणावर संशय?" मी विचारलं. हा आमचा ठरलेला प्रश्न.

"प्लंबरवर. गेला आठवडाभर घरात तोच होता."

इमारत जुनी. भिंतीतले लोखंडी पाईप गंजून नळाला तांबूस पाणी येई, म्हणून त्यांनी घरभर नवे लवचीक प्लास्टिकचे पाईप टाकून घेतले होते. गुन्हा नोंदवला, जागेचा पंचनामा केला. आईच्या खोलीला लागूनच बाथरूम होतं, त्यामुळे प्लंबरचा त्या खोलीतून वावर होता. त्यातच आमच्या खबऱ्यानं टीप आणली: हाच प्लंबर लालबागमधल्या एका सराफाच्या दुकानातून बाहेर पडताना दिसला. त्याला चौकशीला बोलावलं.

पस्तिशीच्या आतला, लालबागच्या चाळीत वाढलेला माणूस. कपडे नीटनेटके, बोलणं चुरचुरीत.

"बायकोच्या मंगळसूत्राची वाटी सुटली होती साहेब. जोडायला दिलेली. जाऊन विचारा ना सराफाला."

विचारलं. खरं निघालं. पण एवढ्यानं कोणी सुटत नाही. ठाण्याबाहेरच्या बाकावर त्याची आई बसून होती. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक शिपायाला ती आपल्या लेकाबद्दल मालवणीत एकच वाक्य ऐकवत होती, "माझ्या झिलान आजवर कोणाच्या काडयेक हात लावल्यान नाय."

संशयिताला त्याच्या कामाबद्दल बोलतं करायचं, ही माझी पद्धत. खोटं बोलणारा माणूस साध्या गोष्टीही जपून सांगतो. मी म्हटलं, "हा नवा पाईप कसा टाकतात, ते सांग."

तो चौकशीला आलाय हेच विसरला. "लोखंडाला दर वळणावर जोड लागतो साहेब, आणि गळतं ते जोडातूनच. हा गुंडाळीतून सोडायचा. भिंतीत झिरी मारायची, म्हणजे लांब खाच, हातानं वळवत न्यायचा. टाकीच्या लाईनपासून नळापर्यंत अखंड, मध्ये जोडच नाही. फक्त वळण मोठं ठेवायचं. कोपऱ्यात दाबला गेला की दुमडतो, मग पाणी अडतं."

"मग तू कुठे दाबला नाहीस ना?"

"मी कशाला दाबीन? गवंड्यानं भिंत बुजवायच्या आधी सगळे नळ सोडून दाखवले मी त्यांना."

मला त्याच्या बोलण्यात कुठेही अडखळ दिसली नाही. त्याला घरी सोडलं, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर राहायला सांगितलं. दागिने ज्यांचे, त्या आजींचा सविस्तर जबाब राहिला होता. तो घ्यायला मी दादरला गेलो.

आजी ऐंशीच्या घरातल्या, पण ताठ. मी खुर्चीत बसतो न बसतो, तोच त्यांनी विचारलं, "त्या मुलाला मारलं नाहीत ना? जेवायला तरी दिलंत का?"

मला ते खटकलं. दागिने गेलेली बाई आधी विचारते, "काही सापडलं का?" पंचनाम्याच्या दिवशीही त्यांनी ते विचारलं नव्हतं.

सूनबाईंनी लाडू दिला. खाऊन झाल्यावर हात धुवायला मी स्वयंपाकघरात गेलो. नळाला करंगळीएवढी धार. बाथरूमचा नळ उघडून पाहिला, तर पाणी जोरात.

"हा असाच येतो का?" मी सूनबाईंना विचारलं.

"नाही हो. प्लंबरनं दाखवलं तेव्हा धो धो येत होतं. गवंड्यानं भिंत बुजवून टाईल्स बसवल्या आणि मग असं झालं. त्याला बोलवावं, तर तो तुमच्याकडे."

म्हणजे नळ दाखवल्यानंतर आणि भिंत बुजवण्याआधी पाईपावर काहीतरी दाबून बसलं होतं. प्लंबर स्वतःच्याच कामाची अशी वाट लावणार नाही. हा पाईप दुमडतो हे ज्याला ठाऊक नाही, त्याचंच ते काम असणार. आणि दागिन्यांची चौकशी न करणारी घरात एकच व्यक्ती होती. मी मुलाला आणि सुनेला बाहेरच्या खोलीत बसायला सांगितलं आणि आजींसमोर खुर्ची ओढली.

"आजी, नळाखालच्या भिंतीत काय ठेवलंय?"

त्यांनी एकदा बाहेरच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं.

"त्या मुलाला सोडणार असाल तर सांगते."

"सोडतो."

"मला एक मुलगी आहे. तिनं स्वतःच्या मनानं लग्न केलं. ह्यांनी तिला उंबरा बंद केला. हे गेले, तरी माझ्या मुलानं तो उघडला नाही. पाटल्या माझ्या आईच्या. त्या लेकीकडेच जायला हव्यात. मुलगा म्हणत होता, सगळं बँकेच्या लॉकरमध्ये ठेवू. एकदा तिथे गेलं, की तिला काय मिळणार?"

"आणि भिंतीतलं तिला कसं मिळणार होतं?"

"मी जाण्याआधी तिच्या कानात सांगणार होते."

नळ दाखवून झाले त्या दिवशी दुपारी कामगार जेवायला गेले होते, मुलगा आणि सून ऑफिसात. जुना पाईप काढलेल्या जागी भिंतीत पोकळी उघडी होती. आजींनी फडक्यात बांधलेले दागिने नव्या पाईपामागे कोंबले आणि वर विटांचे तुकडे लावले. गवंड्यानं येऊन ते तसंच बुजवलं.

पंचांसमक्ष भिंत फोडली. गाठोडं निघालं. त्याच्यापुढे पाईप दुमडून चपटा झाला होता.

मुलगा आईकडे पाहत राहिला. "मला सांगायचंस ना, आई."

"सांगितलं असतं तर 'हो' म्हणाला असतास," आजी म्हणाल्या. "पण दिल्या असत्यास का?"



बाईनं स्वतःचेच दागिने लपवले, यात चोरी कुठली? गैरसमजातून गुन्हा दाखल झाला म्हणून 'सी समरी'चा अहवाल कोर्टात पाठवला. कागदावर प्रकरण मिटलं. पण लालबागच्या त्या चाळीत पोलीस येऊन गेले होते. लोक प्लंबरला हाक मारेनासे झाले होते. मी आजींना हे सांगितलं.

आजी आपल्या मुलाला घेऊन त्या चाळीत गेल्या. मीही सोबत होतो. जिने चढून त्यांना धाप लागली. गॅलरीत माणसं जमल्यावर त्या म्हणाल्या, "ह्यानं काही घेतलं नव्हतं. मी लपवलं आणि गप्प बसले. चूक माझी."

प्लंबर खाली मान घालून उभा राहिला. त्याच्या आईनं क्षणभर आजींकडे रोखून पाहिलं, मग आतून खुर्ची आणली. "बसा आधी," ती म्हणाली. तिनं माफ केलं की नाही, ते मला कळलं नाही.

पुढे ऐकलं, की दिवाळीत आजींची लेक त्या घरी आली होती, आणि दार भावानंच उघडलं.

या प्रकरणानं माझी एक सवय बदलली. घरातून दागिने गेल्याची तक्रार आली, की "कोणावर संशय?" हा प्रश्न मी नंतर विचारी. आधी विचारी, "हे पुढे कोणाकडे जाणार होतं?"