मामांच्या पोटातली वस्ती

संपतचा फोन आला तेव्हा मी दौंड स्टेशनवर पुण्याच्या गाडीची वाट पाहत होते. "ताई, आबा गेले," एवढंच तो म्हणाला. संपत माझा मामेभाऊ, आणि त्याचे आबा म्हणजे माझे मामा. गाडी आली, भरली, निघूनही गेली आणि मी तिथेच उभी... या गोष्टीला आता सहा आठवडे होतील.

मामांची शेती कवठे येमाईला. चार म्हशी, दोन गाई. रोज सकाळी चहाच्या आधी ते बाभळीची एक गुळगुळीत झालेली काठी घेऊन गोठ्यात शिरायचे आणि प्रत्येक जनावराचं शेण उकलून पाहायचे. पातळ आहे का, वास कसा येतोय, रक्ताची रेघ दिसते का. जनावर आजारी पडलं की गावातले लोकही आधी त्यांनाच बोलावून न्यायचे. लहानपणी सुट्टीत मी त्यांच्यामागे नाक दाबून फिरायचे, तर म्हणायचे, "नाक सोड. त्या मुक्या जिवाला तोंडानं सांगता येत न्हाई, हितनं सांगतंय." पुढे मी याच कामात पडले, आणि त्याचं खापर आई अजून आपल्या भावावर फोडते. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत मी माणसांच्या विष्ठेचे नमुने तपासते. आतड्यात राहणारे विषाणू हा आमचा विषय.

आणि अशा या माणसाने स्वतःच्या अंगातून जाणारं रक्त वर्षभर लपवलं. मूळव्याध समजून शिरूरच्या बाजारातून कसलीशी पूड आणायची आणि ताकातून घ्यायची. मला कळलं तेव्हा मोठ्या आतड्याचा कॅन्सर यकृतापर्यंत पोचला होता. मी भयंकर चिडले. "मामा, म्हशीचं रोज बघता, स्वतःचं सांगायला काय झालं होतं?" ते खाली बघत म्हणाले, "म्हशीला लाज नसती, बाय." खरं तर मी चिडले होते स्वतःवर. त्या वर्षात चारदा त्यांच्या शेजारी जेवायला बसले, सैल झालेला सदरा पाहिला, आणि विचारलं काय, तर म्हशी दूध किती देतात.

उपचार चालू असताना एका दुपारी ओसरीवर पडल्या पडल्या त्यांनी माझं काम नेमकं काय ते विचारलं. मी सांगितलं, आपल्या आतड्यात अगणित जिवाणू राहतात, आणि त्या जिवाणूंच्याही पोटात विषाणू असतात. त्यांतल्या काहींचं या कॅन्सरशी नातं असावं, असा संशय आहे. पण ते आजार आणतात की आजारामागून येतात, हे अजून कुणालाच ठाऊक नाही.

"म्हंजी म्हशीवर गोचीड, आन् गोचिडावर आनखी एक गोचीड?"

"तसंच काहीसं. पण सगळेच वाईट नसतात, मामा."

मोबाइलवर मी त्यांना एका विषाणूचं चित्र दाखवलं. कोनदार डोकं, खाली बारीक पाय. ते कितीतरी वेळ बघत राहिले. मग सदरा वर करून त्यांनी पोटावर तळहात ठेवला, गाभण म्हशीच्या कुशीवर ठेवायचे तसाच, अगदी हलका. "एवढी वस्ती माझ्यात ऱ्हाते... आन् मी सत्तर वर्सं एकटाच समजत हुतो." मग डोळे मिचकावून म्हणाले, "सरपंच कोन हाय तिथं?" मी वर्षानुवर्षं हे विषाणू पाहते आहे, पण त्या दुपारी ते मला पहिल्यांदा दिसल्यासारखे वाटले.

पुढच्या भेटीत त्यांनी आपणहून संमतीच्या कागदावर सही करून नमुना दिला. डबी देताना म्हणाले, "नीट उकलून बघा म्हनावं." आता ती आमच्या शीतपेटीत आहे. वर नाव नाही, नुसता क्रमांक. एवढ्या थंडीत ती वस्ती अजून तशीच असेल, या विचाराने पेटी उघडताना माझा हात थबकतो.

त्यांनी मागितलं एकच. "संपतला तपासायला लाव. डाक्टर म्हनलाय. पर त्यो माझाच हाय, बोलायचा न्हाई." मी दोनदा विषय काढला आणि दोन्ही वेळा संपत म्हशी बांधायच्या निमित्ताने उठून गेला.

गेल्या रविवारी पुन्हा गेले. सकाळी गोठ्यात संपत होता, हातात तीच काठी. एकेक शेण उकलून बघत तो शेवटच्या म्हशीपाशी आला आणि मान वर न करता म्हणाला, "ताई, मला बी दिसलंय... रक्त. दोनदा."

या वेळी मी रागावले नाही. "बरं झालं सांगितलंस," म्हणाले. "उद्या माझ्याबरोबर पुण्याला चल."

"येतो," तो म्हणाला. काठी पाण्याने धुऊन त्याने खांबाला टेकवून ठेवली, मामा ठेवायचे तिथेच.